ओढ्याचं पाणी काळं झालं तर कुणाकडे जायचं? केंद्राचे पर्यावरण कायदे तालुक्यात असे चालतात

गाळप हंगाम ऐन भरात असतो, थंडी असते, आणि एका सकाळी ओढ्याच्या पाण्याला काळपट-तांबडा रंग आलेला दिसतो. बंधाऱ्याजवळ फेस साचतो, मासे वर येऊन तडफडतात. तासाभरात व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरतो. सरपंच तहसीलदारांना फोन लावतात. तिकडून उत्तर येतं, हे काम प्रदूषण मंडळाचं. मंडळाचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, कधी शेजारच्या जिल्ह्यात. तिथून अधिकारी येईपर्यंत दोन दिवस जातात, काळं पाणी वाहून जातं आणि अहवालात 'पाहणीवेळी विसर्ग आढळला नाही' असं येतं. थोड्याफार फरकाने महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांत हे घडत आलं आहे.

कायदा नाही म्हणून हे होत नाही. कायदे भरपूर आहेत आणि त्यांना दात आहेत. पण कायदा करायचा दिल्लीने, परवानगी द्यायची मुंबईने, नमुना घ्यायचा जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने आणि उपद्रव थांबवायचा आदेश काढायचा प्रांताधिकाऱ्यांनी, अशी त्यांची वाटणी झालेली आहे. कोणतं काम कोणत्या कार्यालयाचं आणि कोणत्या कागदाला मुदत किती, हे कळलं नाही की तक्रार नुसती फिरत राहते.

कायदा दिल्लीचा, मंडळ राज्याचं

राज्यघटनेत पाणी हा विषय राज्यांकडे आहे. त्यामुळे जलप्रदूषणाचा देशव्यापी कायदा करायला संसदेला घटनेच्या कलम २५२ चा आधार घ्यावा लागला. राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून सांगायचं की आमच्यासाठी कायदा करा, मग संसदेने करायचा, अशी ही सोय. त्यातून 'जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४' आला. महाराष्ट्राचा याबाबतचा कायदा त्याआधीचाच, १९६९ चा. त्याच कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० ला राज्याचं प्रदूषण मंडळ स्थापन झालं होतं. केंद्राचा कायदा महाराष्ट्राने १ जून १९८१ पासून स्वीकारला आणि आजचं 'महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ' त्या कायद्याखाली काम करू लागलं.

ही जुनी गोष्ट आजही कामाची आहे. संसदेने २०२४ मध्ये जल कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरतीच लागू झाली. बाकीच्या राज्यांना ती लागू व्हायची तर तिथल्या विधिमंडळाचा ठराव लागतो. म्हणजे दिल्लीत कायदा बदलल्याची बातमी मोबाइलवर आली, तरी तो आपल्या राज्यात त्याच दिवशी बदलला असं धरून चालता येत नाही.

हवेचा १९८१ चा कायदा आणि 'पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६' यांचा रस्ता वेगळा. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये दिलेला शब्द पाळण्यासाठी संसदेला कलम २५३ खाली थेट कायदा करता येतो. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन हे दोन्ही कायदे झाले. १९८६ च्या कायद्याला तातडी आली ती डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेमुळे. १९ नोव्हेंबर १९८६ पासून तो लागू आहे. याला छत्री कायदा म्हणतात, कारण घातक कचरा, घनकचरा, किनारपट्टीचे निर्बंध, प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी असे कितीतरी नियम आणि अधिसूचना याच एका कायद्याच्या पोटात आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मर्यादा आणि मार्गदर्शक सूत्रं ठरवतं. कारखान्याला संमती देणं, तपासणी करणं, नोटीस काढणं, बंद करणं, हे रोजचं काम राज्य मंडळाचं. राज्य मंडळाखाली प्रादेशिक अधिकारी, त्यांच्याखाली उपप्रादेशिक अधिकारी आणि प्रत्यक्ष ओढ्यावर येणारे क्षेत्र अधिकारी. गावाचा पहिला लेखी अर्ज उपप्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावाने जायला हवा. मंत्र्यांना दिलेलं निवेदन फिरून शेवटी त्याच टेबलावर येतं, फक्त महिनाभर उशिरा.

संमतीपत्र: गावाने वाचावं असा कागद

जल कायद्याच्या कलम २५ प्रमाणे सांडपाणी बाहेर पडणारा कोणताही उद्योग मंडळाच्या संमतीशिवाय उभाही करता येत नाही आणि चालवताही येत नाही. उभारणीची संमती वेगळी, चालवण्याची वेगळी. बोलताना सगळे याला 'कन्सेंट' म्हणतात. त्यात रोज किती उत्पादन, किती पाणी वापरायचं, किती सांडपाणी सोडायचं, ते कुठे सोडायचं आणि त्यात काय किती असू शकतं, हे सगळं लिहिलेलं असतं. तक्रारीत 'पाणी लई घाण आहे' असं लिहिण्यापेक्षा 'संमतीपत्रातल्या अमुक अटीनुसार ओढ्यात विसर्गाला परवानगीच नाही, तरी पाणी सोडलं' असं लिहिलं, तर उत्तर टाळणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

हा कागद मिळवणं फार कठीण नाही. संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि त्या विसर्गामुळे बाधित होणाऱ्या कुणालाही ती पाहू द्यायची, असं कलम २५ मध्येच म्हटलं आहे. कार्यालयात टाळाटाळ झाली तर १० रुपयांच्या शुल्कावर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

संमतीपत्रात हमखास दिसणारा शब्द म्हणजे बीओडी. पाण्यात साखर, मळी, शेण असं काही सेंद्रिय गेलं की जीवाणू ते खायला लागतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. त्या पाण्याला किती प्राणवायू लागतो याचं माप म्हणजे बीओडी. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, शेतजमिनीवर सोडायच्या पाण्याला १०० ची. मळीपासून मद्यार्क काढल्यावर आसवनीत जे गडद तपकिरी पाणी उरतं, त्या स्पेंट वॉशचा बीओडी प्रक्रियेआधी दहा हजारांच्या पटीत असतो. त्यामुळे आसवनीला हे पाणी बाहेर सोडायची मुभाच नसते. ते आटवून, जाळून किंवा खतात मुरवून आवारातच संपवायचं असतं. एखादा टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला, तरी मैलभर पाण्यातला प्राणवायू संपू शकतो. मासे बहुतेक पहाटे मरतात त्याचंही कारण हेच. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात. आधीच कमी झालेला साठा पहाटे तळाला जातो.

साखर आणि आसवनी हे दोन्ही उद्योग केंद्रीय मंडळाच्या १७ अतिप्रदूषणकारी प्रकारांच्या यादीत आहेत. अशा उद्योगांनी सांडपाण्याची आणि धुराची आकडेवारी यंत्राने सतत मोजून थेट मंडळांच्या सर्व्हरवर पाठवावी, असे निर्देश २०१४ मध्ये निघाले. यंत्र बसलं म्हणजे प्रश्न सुटला असं मात्र नाही. यंत्र ठरलेल्या नळावर असतं, आणि तक्रारी बहुतेक वेळा भलत्याच चरीतून किंवा टँकरने सोडलेल्या पाण्याच्या असतात.

सगळा खटला एका बाटलीवर

जल कायद्याचं कलम २१ फार कमी लोकांना माहीत असतं, आणि खटले बहुधा तिथेच ढिले पडतात. मंडळाच्या अधिकाऱ्याने सांडपाण्याचा नमुना घेताना त्याचं विश्लेषण करणार असल्याची नोटीस कारखान्याला जागेवर द्यायची. कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भरून सील करायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धाडायचा. कारखान्याचा माणूस मुद्दाम गैरहजर राहिला तर काय करायचं, तेही कायद्यात दिलेलं आहे. ही पद्धत पाळली नाही तर त्या नमुन्याचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून धरला जात नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. गावकऱ्याने पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं काळं पाणी मंडळाच्या खटल्यात कलम २१ चा नमुना होऊ शकत नाही, भले त्याला कितीही वास येवो. तरी ती धडपड वाया जात नाही. ठिकाण आणि वेळ उमटलेले फोटो, पाणी कोणत्या चरीतून येतंय हे दाखवणारा सलग व्हिडिओ, मेलेल्या माशांची जागा, यावरून अधिकाऱ्याला कुठे उभं राहून नमुना घ्यायचा ते कळतं, आणि हरित न्यायाधिकरणात अशी सामग्री विचारात घेतली जाते. दुसरी गोष्ट, अधिकारी आले की गावातल्या दोन-तीन जणांनी शांतपणे हजर राहून नमुना कुठून घेतला, किती वाजता घेतला, सील झाला का, हे पाहावं आणि पाहणी अहवालात आपली हजेरी नोंदवून घ्यावी. कारखान्याच्या प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी घेतलेला नमुना आणि ओढ्यात घेतलेला नमुना यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. दोन्ही घ्या, असं लेखी म्हणता येतं.

व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओची कार्यालयात नोंद होईलच याची खात्री नाही. ईमेल, 'आपले सरकार' पोर्टलवरची तक्रार किंवा आवक क्रमांक टाकून घेतलेली पोच, यांनाच तारखेचा पुरावा म्हणून किंमत. ग्रामसभेचा ठराव जोडला तर एका माणसाचा राग म्हणून तक्रार बाजूला सारता येत नाही. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर जवळ असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकरवी नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. तो अहवाल वेगळा आणि बऱ्याचदा लवकर येणारा. मंडळ सुस्त असताना गावाच्या हाती तेवढं तरी असतं.

तारखेला इतकं महत्त्व का, याचं उत्तर केंद्रीय मंडळाच्या पर्यावरण भरपाईच्या सूत्रात आहे. उद्योगाचा प्रदूषण-निर्देशांक, उद्योगाचा आकार, वस्तीचं अंतर आणि एक ठरावीक दर यांचा गुणाकार करून त्याला उल्लंघनाच्या दिवसांनी गुणतात. दिवस मोजायचे ते उल्लंघन आढळल्यापासून पूर्तता झाल्याची खात्री मंडळाने करेपर्यंत. म्हणजे पहिली पाहणी जितकी लवकर, तितकी कारखान्यावरची रक्कम मोठी. मंडळांना अशी भरपाई वसूल करता येते का, यावर बरीच वर्षं वाद होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मंडळांना असल्याचं मान्य केलं.

नोटीस, बँक हमी, आणि वीज तोडणं

नमुना नापास झाला की क्रम साधारण ठरलेला. कारणे दाखवा नोटीस, मग निर्देश, मग कारखान्याने ठेवलेली बँक हमी जप्त, आणि शेवटी कलम ३३-अ खाली बंदचा आदेश. या कलमाखाली मंडळ थेट वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. कागदावर हे सगळ्यात मोठं हत्यार आहे. पण ज्या साखर कारखान्यात बगॅसवर स्वतःची वीज तयार होते, तिथे महावितरणची जोडणी तोडून फारसं काही थांबत नाही.

आणि एक अडचण कायद्याच्या पुस्तकात कुठेच सापडणार नाही. ओढ्याकाठच्या ज्या शेतकऱ्याची विहीर नासली, त्याचाच ऊस त्या कारखान्यात जायचा असतो. कारखाना फेब्रुवारीत बंद झाला तर उभा ऊस वाळतो, टोळी निघून जाते, उचल अडकते. तक्रारदार कमी का येतात आणि आलेली तक्रार मागे का घेतली जाते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. यावर वाट निघत नाही असं नाही. बंदीऐवजी ठरावीक मुदतीत प्रक्रिया केंद्र सुधारणं, तोवर गाळप कमी ठेवणं, बाधित विहिरींच्या गावांना कारखान्याच्या खर्चाने टँकर, अशा अटी मंडळाला घालता येतात, आणि त्या मागण्या तक्रारीतच लिहून देता येतात.

पाणी साचून किंवा वाहून लोकांच्या आरोग्याला थेट त्रास होत असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जाता येतं. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३. सार्वजनिक उपद्रव दूर करायचा सशर्त आदेश ते देऊ शकतात. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेला उघड्या गटारांवरून याच कलमाखाली आदेश झाला होता. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सुनावलं. हा दरवाजा तालुक्याजवळचा असून फार कमी वापरला जातो.

शिक्षेच्या बाजूने अलीकडे मोठा बदल झाला. १९८६ च्या पर्यावरण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. 'जन विश्वास' कायद्याने केलेल्या बदलानुसार १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. तो कोर्ट नाही, सरकारने नेमलेला वरिष्ठ अधिकारी ठरवतो. दंड भरलाच नाही तर पुढे कैदेची तरतूद आहे. दिवसाला हजारो टन ऊस गाळणाऱ्या उद्योगाला १५ लाखांची किती धास्ती वाटेल, हा प्रश्न रास्तच आहे. खरी झळ बसते ती भरपाईच्या रकमेने आणि बंदच्या आदेशाने.

जनसुनावणी: कारखाना येण्याआधीची वेळ

मोठा प्रकल्प उभा राहण्याआधी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. मोठ्या प्रकल्पांची मंजुरी केंद्रीय मंत्रालयाकडे, त्याखालच्यांची राज्याच्या प्राधिकरणाकडे. रोज ५,००० टन किंवा जास्त गाळप करणारा साखर कारखाना दुसऱ्या वर्गात येतो. काही प्रकल्पांना सुनावणीतून सूट आहे. बाकीच्यांना जनसुनावणी घ्यावी लागते, आणि ती प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची असते.

किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, एका मोठ्या राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत ठेवायचा असतो. अध्यक्ष जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी. सगळं कामकाज व्हिडिओत टिपलं जातं, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं.

इथे गणपूर्तीची अट नाही. मंडपात दहाच माणसं असली तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून रागाने बहिष्कार टाकून बाहेर घोषणा देणाऱ्यांचं म्हणणं इतिवृत्तात येत नाही, आत बसून दोन वाक्यं बोललेल्याचं येतं. 'प्रकल्प नको' एवढ्याच वाक्याला तज्ज्ञ समिती सहज बाजूला ठेवते. 'अहवालात ओढा हंगामी म्हटलाय, तो एप्रिलपर्यंत वाहतो आणि त्यावर गावाची पाणीयोजना आहे' या वाक्याला कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याने लेखी दिलं तरी चालतं.

मंजुरी मिळाली की अटींचं पत्र येतं. ते ग्रामपंचायतीला द्यायचं आणि फलकावर ३० दिवस लावायचं असतं. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. कपाटात पडून राहिलेलं हे मंजुरीपत्र पुढच्या भांडणात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

एका तालुक्याला स्वतंत्र प्राधिकरण

केंद्राचा कायदा एका ग्रामीण तालुक्यात किती खोल उतरू शकतो, ते पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत दिसतं. चिकूच्या वाड्या, मासेमारी आणि आदिवासी पाड्यांचा हा तालुका केंद्राने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. संपूर्ण तालुक्यात उद्योगांना फक्त ५०० एकर जागा ठेवली गेली. अधिसूचना कागदावरच राहते आहे असं दिसल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. तिथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला प्राधिकरणाने लावलं. कंपनीची बरीच खळखळ झाली, पण २००७ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. देशातल्या फार थोड्या वीजकेंद्रांवर तेव्हा ती होती.

याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारलं आणि ३१ जुलै २०२३ ला नव्या प्रस्तावाला परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध दोन्ही वेळी होता. कायदा तोच, तालुका तोच, अधिसूचनाही तीच. प्राधिकरणात बसणारी माणसं आणि समोर ठेवलेले अहवाल बदलले.

पश्चिम घाटातली गावं या टप्प्याच्या अलीकडे आहेत. ३१ जुलै २०२४ ला केंद्राने संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. सहा राज्यांत ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांत फरक असतो. मसुद्यावर ६० दिवसांत हरकत नोंदवता येते, अंतिम झाल्यावर न्यायालयाचीच वाट उरते.

हरित न्यायाधिकरण आणि घड्याळ

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे एनजीटी, २०१० च्या कायद्याने आलं. महाराष्ट्राच्या प्रकरणांसाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही, अर्जदार स्वतः उभा राहू शकतो. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफी. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, यात बऱ्याच जणांचा वेळ जातो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे अर्जदार यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत कायदेशीर मदत मागता येते.

इथे गाव हरतं ते मुदतीमुळे. प्रदूषण थांबवा असा अर्ज असेल तर कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून सहा महिने. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं तर फक्त ३० दिवस. सबळ कारण असेल तर प्रत्येक ठिकाणी आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापलीकडे न्यायाधिकरणालाही अधिकार नाही. मंजुरीपत्र फलकावर लागलं त्या दिवसाचा फोटो काढून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. एनजीटीला वर्तमानपत्रातली बातमी किंवा पत्र पाहून स्वतःहून दखलही घेता येते. मुंबई महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं.

'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व आज एनजीटी वापरते. ते ठसठशीतपणे मांडलं गेलेलं एक प्रकरण गावचंच होतं. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात १९८७-८८ च्या सुमाराला 'एच-ॲसिड' नावाचं रंगउद्योगातलं रसायन तयार व्हायला लागलं. संमती घेतलेली नव्हती. उत्पादन थोडंच दिवस चाललं, पण मागे २,४०० टनांच्या वर विषारी गाळ राहिला. तो जमिनीत मुरला, विहिरींचं पाणी रंगलं, पिण्यालाच नाही तर शेतालाही नालायक झालं. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ ला सफाईचा सगळा खर्च कारखानदारांवर टाकला. पुढे तो ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. कारखानदारांनी अर्जामागून अर्ज करून तो टाळला, आणि २०११ मध्ये न्यायालयाने ४ नोव्हेंबर १९९७ पासूनच्या १२ टक्के चक्रवाढ व्याजासह तो भरायला लावला. याचिका दाखल झाली १९८९ मध्ये. तेव्हा पोरगेलं वय असलेला माणूस तोवर तिशीत पोचला होता.

एनजीटीकडे सगळेच विषय जात नाहीत. जल, हवा, पर्यावरण संरक्षण, वनसंवर्धन, जैवविविधता हे कायदे तिच्या यादीत आहेत, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि वनहक्क कायदा २००६ त्यात नाहीत. वनहक्काचा दावा ग्रामसभेतून सुरू होतो आणि उपविभागीय व जिल्हा समितीकडे जातो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने याच वाटेने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

वाळू आणि खडी यांची वाट पुन्हा वेगळी. गौण खनिजाचा अधिकार केंद्राच्या १९५७ च्या खाण कायद्याने राज्याला दिला आहे, त्यामुळे तिथे तहसीलदारच पहिले. विनापरवाना उपशाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहनही जप्त करता येतं. पाच हेक्टरपेक्षा लहान घाटालाही पर्यावरण मंजुरी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ठरवून दिलं. पावसाळ्यात नदीपात्रातून उपसा बंद असतो. खडी क्रशरची धूळ मात्र प्रदूषण मंडळाच्या अखत्यारीत. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेत घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको, भोवती वारा अडवणारी भिंत आणि झाडं हवीत, आतला रस्ता पक्का हवा. यातली भिंत, झाडं आणि रस्ता मोजायला यंत्र लागत नाही. आवाराबाहेरून काढलेला एक फोटो तक्रारीला जोडला तरी पुरतो.